काटेमोजेंचा पिवळा मासा

काटेमोजे हे त्यांचं आडनाव नव्हे. संग्रहालयाच्या मासेखोलीत आयुष्यभर माशांच्या परांतले काटे मोजत बसलेल्या या माणसाला शेजारच्या पक्षीखोलीतल्या मंडळींनी ते चिकटवलं होतं. चिकटवलं चेष्टेने, पण बसलं इतकं घट्ट की टपालवालासुद्धा दारात उभा राहून ‘काटेमोजेसाहेब आहेत का?’ असं विचारायचा, आणि हेही ‘आहेत, आहेत’ म्हणत सही करायला पुढे व्हायचे. राग येणं हा प्रकारच त्यांच्यात नव्हता. फक्त एका प्रश्नाने त्यांचं डोकं फिरायचं, तो पुढे येईलच.

त्यांचं काम सांगायला सोपं होतं. उष्ण समुद्रांत प्रवाळाचे खडक असतात, त्या खडकांच्या फटींतून नाना तऱ्हेचे रंगीत मासे राहतात, आणि त्यांतल्या कितीतरी माशांना अजून कुणी नावच दिलेलं नाही. एखादा पाणबुड्या नाहीतर कोळी असा अनोळखी मासा घेऊन यायचा आणि विचारायचा, ‘हा कोण?’ मग काटेमोजे तो मासा थर्माकोलवर आडवा करायचे, बारीक टाचण्यांनी त्याचे पर नीट उघडून धरायचे, वरून कुंचल्याने औषध फिरवून ते तसेच ताठ करायचे आणि लगेच फोटो काढायचे. फोटोची घाई असायची, कारण माशाचा रंग त्याच्या जिवाबरोबर जातो. निळा असो, पिवळा असो की तांबडा, बरणीतल्या स्पिरिटमध्ये काही दिवस राहिला की सगळे एकाच मळकट तपकिरी रंगाचे होतात. मग भिंगाखाली काटे मोजायचे, खवले मोजायचे, एक्स-रे काढून मणके मोजायचे, आणि जगभरची जुनी वर्णनं काढून ताडून बघायचं. बहुतेक वेळा उत्तर यायचं की हा मासा आधीच कुणीतरी नोंदवून ठेवलाय. क्वचित कधीतरी उत्तर यायचं की नाही, हा खरोखरच नवा आहे. त्या दिवशी काटेमोजे चहा प्यायला विसरायचे.

आता तो प्रश्न. नवा मासा दिसला की बघायला आलेला माणूस, मग तो मंत्री असो की झाडूवाला, मान तिरकी करून विचारणारच, ‘खायला कसा लागतो?’ काटेमोजे म्हणायचे, पक्षीखोलीत जाऊन कुणी विचारतं का, हे घुबड खायला कसं लागतं? तारे बघणाऱ्याला कुणी विचारत नाही, तारा भाजून कसा लागतो. माशानेच असं काय घोडं मारलंय? बोलून झालं की राग उतरायचा आणि ते पुन्हा भिंगाला डोळा लावायचे.

त्यांची आणखी एक खोड होती. कुठलाही शोधनिबंध ते शेवटून वाचायचे. शेवटच्या पानावर ऋणनिर्देश असतो. निबंधात मासा भेटतो, पण माणसं भेटतात ती तिथे: बोट चालवणारा, बोटीवर स्वयंपाक करणारा, पाण्यात उतरलेला, एक्स-रे काढून देणारा. आणि त्या गर्दीत कुठेतरी काटेमोजेंचं नाव असायचंच, कारण दूरदूरचे संशोधक शंका आली की यांच्याकडे धाव घ्यायचे. नवा मासा त्यांच्या खात्यावर, आभार यांच्या. दुसरा कुणी असता तर मनातल्या मनात कुढला असता. हे मात्र संध्याकाळी घरी येऊन बायकोला सांगायचे, “आज आणखी एकाने आभार मानलेत बघ.” त्यावर ती म्हणायची, “मग आज चहात साखर जास्त घालते.” असे ते बरेच गोड चहा प्यायले होते, आणि आपल्याला जगाने गरजेपेक्षा जास्तच दिलंय असं त्यांना प्रामाणिकपणे वाटायचं.

त्यांच्या बायकोला सगळी गल्ली शिवणकाकू म्हणायची. रस्त्याकडच्या खोलीत खिडकीशी त्यांचं शिलाईयंत्र, भिंतीला खुंट्यांवर अर्धवट शिवलेले कपडे, आणि यंत्राच्या वर, अगदी डोळ्यांसमोर, एका चौकटीत पिवळ्याधमक माशाचा फोटो. शेपटीपाशी एक काळा ठिपका. माप द्यायला आलेल्या बायका विचारायच्या, “हा कोण?” शिवणकाकू तोंडातल्या टाचण्या सांभाळत म्हणायच्या, “मी.”

आणि ते खरंच होतं. तो काटेमोजेंचा मासा होता. दुसऱ्यांसाठी त्यांनी अगणित मासे तपासले, पण स्वतः वर्णन करून, स्वतः नाव देऊन जगापुढे ठेवलेला मासा तेवढाच एक. लग्नाला थोडेच दिवस झाले होते तेव्हाची गोष्ट. एका बोटीबरोबर ते प्रवाळाच्या खडकांवर गेले होते, आणि तिथून हे बोटभर लांबीचे पिवळे मासे मिळाले. पर इतके नाजूक की कचेरीतल्या जाड टाचण्यांनी चिरत होते. यांनी घरी जाऊन नव्या नवरीच्या डबीतल्या सगळ्यात बारीक टाचण्या मागितल्या. तिने डबी हातात दिली नाही. “एकही परत यायची नाही, मी ओळखते ना तुम्हाला,” म्हणाली आणि डबी घेऊन स्वतःच मासेखोलीत आली. नाकाला पदर लावून तिने थोडा वेळ बघितलं, मग यांना बाजूला सारलं आणि रेशमी कापडाला टाचावं तसं त्या माशाच्या पराची एकेक शीर सुटी करून टाचून दिली. वरिष्ठांना, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणत, इतका सुंदर टाचलेला मासा त्या खोलीत कधी बघायला मिळाला नव्हता.

या धंद्यात माशाला स्वतःचं नाव देत नाहीत. तशी रीत नाही, हसतील लोक. पण दुसऱ्याचं देता येतं. काटेमोजेंनी बायकोचं दिलं, तिचं माहेरून आलेलं साधं नाव, पुढे शास्त्राची शेपटी जोडून. शिवाय शेवटी ऋणनिर्देशात टाचण्यांबद्दल तिचे आभारही लिहिले. मोठ्या साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. “नावही तिचं आणि आभारही तिचेच? हा निबंध आहे की लग्नपत्रिका?” काटेमोजे कानापर्यंत लाल झाले आणि त्यांनी आभार खोडून टाकले.

वर्षं गेली. शिवणकाकूंचे आईवडील गेले, थोरला भाऊ गेला. लेक आई म्हणायची, गल्ली काकू म्हणायची, गिऱ्हाइकं बाई म्हणायची, आणि नवरा ‘अगं’ म्हणायचा. तिचं नाव घेऊन हाक मारणारं हळूहळू कुणी उरलंच नाही. गंमत अशी, की काटेमोजे ते नाव कचेरीत दिवसातून दहा वेळा घ्यायचे. फोनवर परक्या देशांतल्या लोकांशी, पत्रांत, बरण्यांवरच्या चिठ्ठ्या वाचताना. घरात पाऊल टाकलं की पुन्हा ‘अगं’. त्यात काही उणं आहे असं त्यांना कधी जाणवलं नव्हतं. ते जाणवलं गेल्या वर्षी, शिवणकाकूंचं ऑपरेशन झालं तेव्हा. दवाखान्यात नर्सने कागद बघून त्यांचं नाव पुकारलं आणि त्या उठल्याच नाहीत, नुसत्या इकडेतिकडे बघत बसल्या. काटेमोजेंनी कोपराने ढोसलं. “अगं, तुला बोलावताहेत.” शिवणकाकू हसल्या आणि नर्सला म्हणाल्या, “सवय नाही राहिली हो. आता ते नाव एका माशाचं आहे.” नर्सने डोळे मोठे केले. “अय्या! खायला कसा लागतो?” त्या दुखण्यात काकूंनी डॉक्टरांपासून शेजारच्या खाटेपर्यंत सगळ्यांना मासा सांगितला, आणि सांगता सांगता उठून बसल्या. त्या माशानेच तिला घरी आणलं असं काटेमोजेंच्या मनाने घेतलं होतं, आणि ते त्या पिवळ्या जिवाचे मनोमन आभार मानत.

काटेमोजेंच्या निवृत्तीला थोडे महिने उरले होते, तेव्हा एका पाणबुड्याने तीन जिवंत पिवळे मासे आणून दिले. संग्रहालयाच्या मागे मत्स्यालय होतं. तिथली टाक्या सांभाळणारी व्यक्ती म्हणजे टाकीवाला, गुडघ्यापर्यंत रबरी बूट घालून दिवसभर पाण्यात वावरणारा, कमी बोलणारा माणूस. त्याने तिघांना पुढच्या काचटाकीत सोडलं. शिवणकाकूंनी आपलं नाव लागलेला मासा प्रथमच जिवंत पाहिला. काचेला नाक लावून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. “किती चुळबुळ करतात हो,” म्हणाल्या. “मी अशी नाही.” त्यानंतर दर गुरुवारी दोरे-बटणं आणायला बाजारात गेल्या की परतताना त्या मत्स्यालयात डोकावायच्या, आणि टाकीवाला त्यांना माशांना खाणं घालू द्यायचा.

एका सोमवारी काटेमोजे सहज तिथे गेले. तिघांतल्या थोरल्या माशाच्या डोळ्याखाली एक बारीक निळी रेघ उमटली होती. शेपटीजवळचा काळा ठिपका फिकट झाला होता. काटेमोजे घाबरले.

का, ते सांगायला हवं. या कुळातल्या माशांची एक रीत आहे. कळपात नर उरला नाही की सगळ्यात थोरली मादी हळूहळू नर होते, आणि होताना अंगावरचे कपडे बदलावेत तसा सगळा रंग बदलते. ते काटेमोजेंना पाठ होतं. आणि निळसर हिरव्या अंगाचा, तांबड्या रेघांचा, याच खडकांत राहणारा दुसरा एक मासा होता, हेही पाठ होतं. त्याला पणजोबांच्या काळात कुणीतरी नाव देऊन ठेवलं होतं. काट्यांची, खवल्यांची, मणक्यांची मोजणी दोघांची जुळते, पण रंग अगदीच निराळा, असं त्यांनी स्वतःच्याच निबंधात स्वतःच्या हाताने लिहिलं होतं. पोट उघडून मात्र बघितलं नव्हतं. नमुने मोजके, आणि हाती आलेला नवा मासा फाडायला कुणाला जीव होतो?

ते खोलीत परतले, दाराला आतून कडी लावली आणि दोन बरण्या काढल्या. एकीत त्यांचे पिवळे, दुसरीत ते जुने निळे. स्पिरिटमध्ये दोन्ही आता सारखेच तपकिरी दिसत होते. एकेक पोट उघडून बघितलं. पिवळ्यांच्या बरणीत सगळ्या माद्या होत्या. निळ्यांच्या बरणीत सगळे नर. एका बरणीत सगळ्या बायका, दुसरीत सगळे नवरे, आणि मध्ये कपाटाच्या दोन फळ्या. इतकी वर्षं.

ही चूक या धंद्यात मोठमोठ्यांच्या हातून झालेली आहे. नवऱ्याला एक नाव, बायकोला दुसरं, पोराला तिसरं, अशी कुटुंबंच्या कुटुंबं मोडून ठेवलेली आहेत. आपण तोंडावर पडू याचं काटेमोजेंना फारसं काही वाटलं नाही. पण दोन नावांचा मासा एकच निघाला की जुनं नाव राहतं आणि नवं जातं, असा नियम आहे. नवं नाव तिचं होतं. तिच्या नावाला जगात तेवढी एकच जागा उरली होती, आणि ती आता त्यांनाच काढून घ्यायची होती. भिंगाला डोळा लावून ते नुसतेच बसून राहिले. समोर काहीच ठेवलेलं नव्हतं.

गप्प बसता आलं असतं. दुसऱ्या कुणाला कळलं नव्हतं. निवृत्तीनंतर कधीतरी कुणीतरी शोधून काढलं असतं, तोवर कोण राहतंय. त्यांनी हा विचार केला नाही असं नाही. केला, आणि त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा मासेखोलीतल्या स्पिरिटचा वास सहन होईना.

दुसऱ्या दिवशी ते टाकीवाल्याला गाठून म्हणाले, “एक काम करशील? गुरुवारी ही येईल. तो थोरला मासा तेवढा मागच्या टाकीत हलव. तिला दिसता कामा नये.”

टाकीवाल्याने हातातली जाळी खाली ठेवली. मग “बरं,” म्हणाला आणि उगाचच खोकायला लागला.

घरी सगळंच बिनसलं. काटेमोजेंचं जेवणात लक्ष लागेना. शिवणकाकूही गप्प गप्प. कुणी विचारलं ‘हा मासा कोण?’ तर नुसतं ‘मासा’ म्हणायच्या. मग एक दिवस त्यांनी कुणाचा तरी लांबलचक कोट नेमका त्या चौकटीवर टांगून ठेवला, आणि तो कोट तयार होऊनही तिथून हलेना. तिला पुन्हा बरं वाटत नसणार, असं काटेमोजेंनी ठरवलं आणि त्यांचा जीव आणखी टांगणीला लागला. लेकीचा फोन आला तर दोघंही तिच्याशी इतकं गोड बोलले की ती घाबरली. “तुमचं भांडण झालंय का?” “छे!” दोघं एकदम म्हणाले.

तिकडे संचालकांना निरोपसमारंभाचा उत्साह चढला होता. दारातच पिवळ्या माशाचं भलंमोठं चित्र लावायचं त्यांनी ठरवलं. “तुमचा मासा, काटेमोजे! माणूसभर उंचीचा करू या.” काटेमोजे “कशाला, कशाला” म्हणत मागे सरकले. ते चित्र आणि त्याखालचं ते नाव डोळ्यांपुढे आलं, आणि त्यांचा निश्चय झाला. खोट्या माशाखाली उभं राहून हारतुरे घ्यायचे नाहीत. आधी थोरल्या माशाचा फोटो घ्यायचा, मग लिहायला बसायचं. तिला कसं सांगायचं ते देव जाणे.

बुधवारी दुपारी कॅमेरा घेऊन ते मत्स्यालयात पोहोचले. टाकीवाला दारात आडवा आला. “आत नको साहेब. फरशी ओली आहे.”

“मत्स्यालयात फरशी कोरडी कधी असते?”

“आज जास्त ओली आहे.”

एवढ्यात आतून आवाज आला. कुणीतरी अगदी मायेने समजावत होतं, “जरा हळू घे रे बदलायला. महिनाभर थांबलास तर काय बिघडेल? त्यांचा निरोपसमारंभ तेवढा होऊ दे.”

काटेमोजे टाकीवाल्याला ओलांडून आत गेले. मागच्या टाकीपाशी, एक बाही कोपरापर्यंत भिजलेली, हातात खाण्याची वाटी, गुरुवार नसूनही शिवणकाकू उभ्या होत्या. आणि टाकीत तो मासा, आता पुरता निळसर हिरवा, अंगावर तांबड्या रेघा, स्वतःवर खूष होऊन फिरत होता.

काकूंनी वाटी पाठीमागे लपवली, काटेमोजेंनी कॅमेरा. तोंड उघडलं ते टाकीवाल्याने, आणि वर्षभराचं एकदम बोलला. “झालं! आलात दोघंही? एक म्हणतात तिला दिसू देऊ नकोस, दुसऱ्या म्हणतात त्यांना कळू देऊ नकोस. सोमवारी यांना सांभाळा, गुरुवारी यांना सांभाळा. मी मासे सांभाळायला लागलोय की तुमचा संसार? हा बिचारा एवढा बायकोचा नवरा झाला, पण दोघांनी मिळून एकदा कौतुक केलं असेल तर शपथ!” आणि बूट वाजवत तो बाहेर निघून गेला.

“तुला कधी कळलं?” काटेमोजेंनी विचारलं.

“तुमच्या आधी. गुरुवारी निळी रेघ दिसली. रंग कळायला मला भिंग लागत नाही. आणि हे मासे कसे बदलतात ते जन्मभर तुमच्याच तोंडून ऐकलंय की.” काकूंनी वाटी खाली ठेवली. “तुमचा एकुलता एक मासा. तोही निवृत्तीच्या तोंडावर जायचा. मला बघवलं नसतं हो. म्हटलं, हारतुरे होऊन जाऊ देत.”

“माशाचं काय घेऊन बसलीस! मासा कुठे जातोय, हा काय समोर आहे. तुझं नाव जातंय गं. मी दिलेलं मलाच काढून घ्यायला लागतंय.”

शिवणकाकू ओली बाही पिळत राहिल्या. “लग्नात आडनाव गेलं माझं, तेव्हा तुम्ही दोन घास जास्तच जेवला होतात,” त्या म्हणाल्या, आणि दोघांनाही हसू आलं. मग त्या हसायच्या थांबल्या. “वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू? त्या नावाने हाक मारणारं आता कोण आहे? यंत्रावर बसले की वाटायचं, असू दे, कुठेतरी पाण्यात आहे ते, फिरतंय. आता तेही नाही म्हटल्यावर रडू आलं मला.”

काटेमोजेंनी कॅमेरा पिशवीत घातला. “मी नाही लिहीत,” ते एकदम म्हणाले. “राहू दे. कुणाला कळतंय?”

“खबरदार!” काकूंचा आवाज असा चढला की मासासुद्धा दगडाआड गेला. “बाही उलटी लागली तर मी काय करते? गिऱ्हाइकाला कळत नाही म्हणून तशीच देते? उसवते ना? मग उसवा. माझ्या नावावर चुकीचं काही नको.”

“उसवतो,” काटेमोजे म्हणाले.

“आणि उसवल्यावर माझं नाव जातं कुठे?”

“जात नाही तसं. जुन्या नावाखाली लिहून ठेवतात. कायमचं. यापुढे कुणीही या माशाचं नाव काढलं, की खाली तुझं असतंच.”

“म्हणजे पोटभाडेकरू झाले म्हणा.” काकूंनी डोळे पुसले आणि टाकीत वाकून बघितलं. “आणि पुरुषही झाले. इतकी वर्षं तुमच्या संगतीत राहून दुसरं काय होणार?”

काटेमोजे त्या दिवशी मनापासून जेवले. कोट चौकटीवरून निघून गिऱ्हाइकाच्या अंगावर गेला. मग त्यांनी लिहायला घेतलं. वर जुनं नाव, त्याखाली तिचं, मग नर कसा, मादी कशी, रंग कसकसा बदलला, आणि आपली चूक नेमकी कुठे झाली, तेही सरळ शब्दांत. एवढं हातासरशी झालं. अडलं ते ऋणनिर्देशात. पाणबुड्याचे आभार मानले, टाकीवाल्याचे मानले, ‘विशेष सहनशीलतेबद्दल’ असंही लिहिलं. पुढचं वाक्य मात्र पुन्हा पुन्हा खोडलं. संचालकांनी मसुदा बघून सुचवलं, “नुसतं ‘माझी पत्नी’ लिहा ना, सगळे तसंच लिहितात.” काटेमोजे म्हणाले, “मोठ्या साहेबांचं एकदा ऐकलं. आता नाही ऐकणार.”

निरोपसमारंभाला दारात दोन चित्रं लागली, एक पिवळं, एक निळं. काटेमोजेंचं भाषण म्हणजे नुसती आभारांची यादी होती, टपालवाल्यापर्यंत. त्यांना खरोखरच दुसरं काही सांगायचं नव्हतं. समारंभानंतर पाहुण्यांनी चित्रापुढे मान तिरकी केली आणि जे विचारायचं तेच विचारलं. काटेमोजेंचं तोंड उघडायच्या आत शिवणकाकू पुढे झाल्या. “मला कशाला विचारता? मीच आहे तो.” पाहुणे चहाकडे वळले.

निबंध छापून आला तेव्हा काटेमोजे घरीच असायचे. मासेखोलीच्या पत्त्यावर आलेला अंक टपालवाल्याने आपण होऊन घरी आणून दिला. शिवणकाकू खिडकीशी यंत्र चालवत होत्या, तोंडात टाचण्या, पाठ दाराकडे. वर आता चौकटी दोन होत्या. काटेमोजे अंक घेऊन उंबऱ्यावर उभे राहिले. ‘अगं’ ओठांवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं, आणि तिला तिच्या नावाने हाक मारली.

यंत्र थांबलं. काकूंनी आधी खिडकीबाहेर बघितलं, कोण आलंय म्हणून. बाहेर कुणी नव्हतं. मग त्या मागे वळल्या. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून त्यांनी डबीत ठेवल्या.

“काय झालं? बरं वाटत नाही का?”

“बरा आहे. हे वाच. शेवटून वाच.”

त्यांनी चष्मा पुसला आणि शेवटचं पान उजेडात धरलं. पाणबुड्या, टाकीवाला, आणि खाली त्यांचं स्वतःचं नाव, माहेरचं आणि सासरचं दोन्ही, पुढे ‘शिवणकाम व्यावसायिक’ असं. या माशाचा रंग बदलतो आहे हे सर्वप्रथम त्यांनी पाहिलं. मूळ नमुन्याचे पर त्यांनीच आपल्या टाचण्यांनी टाचले होते. हे आभार पहिल्याच निबंधात मानायला हवे होते, ते लेखकाने तेव्हा खोडले, याचं त्याला वाईट वाटतं.

शिवणकाकूंनी ते दोनदा वाचलं. अंक मिटून मांडीवर ठेवला, आणि त्यावर हात ठेवून बसल्या.

“मघाशी काय म्हणालात?”

“शेवटून वाच म्हणालो.”

“त्याच्या आधी.”

काटेमोजे लाजले. कानापर्यंत लाल झाले.

“पुन्हा म्हणा,” त्या म्हणाल्या.

त्यांनी पुन्हा म्हटलं.